जनपदोद्ध्वंस व प्रज्ञापराध : एका अर्धवट वाचनाची दुरुस्ती

चरकसंहितेच्या विमानस्थानांतील तिसऱ्या अध्यायास ‘जनपदोद्ध्वंसनीय’ असें नांव आहे. देशचे देश ओस पाडणाऱ्या साथींचा विचार त्यांत केलेला असल्यामुळें २०२० सालापासून या अध्यायाचा उल्लेख व्याख्यानांतून, वृत्तपत्रांतून व घरोघरच्या चर्चेंतून वारंवार होऊं लागला. उल्लेख करणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं तो मुळांतून वाचलेला नव्हता. ज्यांनीं वाचला होता त्यांतील पुष्कळांनीं अर्धा वाचला होता. या दुसऱ्या वर्गांत प्रस्तुत लेखकाची गणना होते, आणि हा लेख लिहिण्याचें प्रयोजन तेंच आहे. बखरी, सनदा व महजर यांच्या शोधांत असणाऱ्या वाचकांस, वैद्यकग्रंथाचें परीक्षण येथें कशाला, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्रंथांतील एखादें पद संदर्भापासून तोडून घेतलें म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हा प्रश्न जुन्या कागदांच्या अभ्यासकास परका नाहीं.

प्रथम अनर्थ कोणता झाला तें सांगतों. आमचें गांव बीड जिल्ह्यांत, बालाघाटाच्या डोंगरांत आहे. गांवांतील निम्मीं घरें दिवाळीच्या सुमारास कुलुपें लावून ऊंसतोडीस जातात. नवराबायकोच्या जोडीस या धंद्यांत एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत कारखान्याच्या हद्दींत, पाचटाच्या कोपींत राहावयाचें, हा पिढीजात क्रम. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली व हे लोक जेथल्या तेथें अडकले. राज्य सरकारनें १७ एप्रिल रोजीं त्यांस स्वगृहीं परतण्याची मुभा दिली. अशांची संख्या सव्वा लाखाहून अधिक होती. त्यांपैकीं कांहीं जोडपीं आमच्या गांवचीं होतीं.

तीं येण्यापूर्वींच पारावर बैठक भरली. मी शाळेंतून निवृत्त झालेला, संस्कृत शिकलेला, साहजिकच एकानें विचारलें, “गुरुजी, शास्त्रांत काय सांगितलंय ह्याच्याबद्दल?” मीं दोन गोष्टी सांगितल्या. एक, चरकाच्या मतें साथ अधर्मापासून उत्पन्न होते. दुसरी, सुश्रुतानें अशा वेळीं ‘स्थानपरित्याग’ हा पहिला उपाय सांगितला आहे. दोन्ही विधानें ग्रंथांत आहेत. मीं खोटें कांहीं सांगितलें नाहीं. बैठकींत ठराव झाला, तो लिहिण्याचें काम अर्थातच माझ्याकडे आलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं गांवाच्या तिन्ही वाटांवर बाभळीचे कांटे पडले.

आलेलीं माणसें ओढ्यापलीकडे लिंबाच्या झाडाखालीं राहिलीं. चवदा दिवस वेगळें राहणें त्यांस मान्यच होतें. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्यांतील एक तरुण माझा विद्यार्थी. तो कांट्यांपलीकडून मला म्हणाला, “गुरुजी, आम्ही लांबच राहतो. पण पाणी तेवढं मळ्यातल्या आडाचं घेऊ द्या. झिऱ्याचं पाणी लेकराला सोसंना.” मी “बघतो” म्हणालों. बघितलें कांहीं नाहीं. ओढ्याच्या वाळूंत उकरलेल्या झिऱ्याचेंच पाणी तीं माणसें दोन आठवडे प्यालीं, आणि मूल त्यांतले कित्येक दिवस जुलाबानें हैराण होतें. तें वांचलें, त्यांत आमची कांहीं पुण्याई नव्हती. त्या मंडळींपैकीं एकालाही करोना झालेला नव्हता. गांवांतला पहिला रोगी पुढें कांहीं महिन्यांनीं निघाला, तो बैठकीस हजर असलेल्यांपैकीं होता.

त्यानंतर मीं निर्णयसागराची १९४१ ची, यादवजी त्रिकमजी आचार्यांनीं शोधलेली चक्रपाणीच्या टीकेसह आवृत्ति काढून हा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सुश्रुताचीं दोन्ही स्थळें पुनः पाहिलीं. जें आढळलें तें पुढें मांडीत आहें.

चरकसंहितेचा शेवटचा भाग दृढबलानें पुरा केला हें सर्वश्रुत आहे; चिकित्सास्थानांतील सतरा अध्याय व कल्प आणि सिद्धि हीं दोन स्थानें त्याचीं. विमानस्थान त्या भरीच्या बाहेरचें, म्हणजे ग्रंथाच्या जुन्या भागांतलें आहे. प्रसंग असा : पांचाल देशाच्या कांपिल्य राजधानींत, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यांत, गंगातीरावरील वनांत पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह फिरत आहेत. ते अग्निवेशास सांगतात कीं नक्षत्रें, ऋतु, वारा यांचीं लक्षणें बिघडलेलीं दिसत आहेत. जमिनीचा कस जाण्यापूर्वीं, देश उजाड होण्यापूर्वीं औषधी उपटून गोळा करून ठेवा. येथें वाचकानें क्षणभर थांबावें. अध्यायाचा आरंभ कारणमीमांसेनें नाहीं, दोषारोपानें नाहीं, तर तयारीच्या आज्ञेनें आहे. साथ अजून आलेली नाहीं. गुरु शिष्यास प्रथम जें बजावतो तें एवढेंच कीं ती आल्यावर औषध शोधूं लागणें व्यर्थ आहे. माझ्या अर्धवट वाचनांत हा भाग कधींच नव्हता, कारण तो सुभाषितासारखा उद्धृत करण्याजोगा नाहीं.

नंतर अग्निवेश शंका काढतो : माणसांची प्रकृति, आहार, बल, वय हीं सारीं भिन्न असतां एकाच वेळीं एकाच रोगानें सर्व कसे मरतात? उत्तर असें कीं प्रकृति भिन्न असल्या तरी चार गोष्टी सर्वांस समान आहेत : वायु, उदक, देश आणि काल. त्या बिघडल्या म्हणजे देश बिघडतो. त्यांची चढती पायरी सांगितली आहे. वाऱ्यापेक्षां पाणी, पाण्यापेक्षां भूमि, भूमीपेक्षां काल टाळण्यास अधिक अवघड. या ठिकाणीं कित्येक उत्साही मंडळींनीं ‘वायु’ या पदांत आधुनिक विषाणु शोधून काढला आहे. तो तेथें नाहीं. मूळांत बिघडलेल्या वाऱ्याचीं जीं लक्षणें दिलीं आहेत तीं ऋतूस विपरीत असणें, अति स्तब्ध किंवा अति सोसाट्याचा असणें, अति रूक्ष, अति शीत वा उष्ण असणें, धूळ आणि धुरानें भरलेला असणें अशा प्रकारचीं आहेत. प्राचीनांस जें ठाऊक होतें तेंच पुरेसें मोठें आहे. त्यांच्या तोंडीं आपलें ज्ञान घालण्यानें त्यांचा मान वाढत नाहीं.

आतां अधर्माचें प्रकरण. वायु इत्यादि चारही बिघडण्याचें मूळ काय, या प्रश्नास आत्रेयांचें उत्तर अधर्म हेंच आहे, आणि त्या अधर्माचेंही मूळ प्रज्ञापराध. मीं पारावर जें सांगितलें तें येथवर बरोबर होतें. पण अधर्म कोणाचा? बैठकींत प्रत्येकानें आपापलें उत्तर मनांतल्या मनांत दिलें. कोणी म्हणालें शहरांतल्या लोकांचा, कोणी परदेशांतून आलेल्यांचा, कोणी अमुक धर्माच्या लोकांचा; आणि जे प्रत्यक्ष समोर येणार होते ते ऊंसतोडे, म्हणून शेवटीं अधर्म त्यांच्या वांट्यास गेला. मूळ ग्रंथानें मात्र हें उत्तर वाचकावर सोडलेलें नाहीं. क्रम स्पष्ट दिला आहे : देश, नगर, निगम व जनपद यांचे जे प्रमुख, ते जेव्हां धर्म सोडून प्रजेशीं अधर्मानें वागतात, तेव्हां त्यांचे आश्रित व उपाश्रित, मग पौरजन, मग व्यवहारावर उपजीविका करणारे तो अधर्म वाढवीत जातात. म्हणजे अधर्म वरून खालीं उतरतो आणि उतरतां उतरतां वाढतो. सर्वांत खालच्यावर त्याचें मूळ लादण्यास या वाक्यांत यत्किंचितही आधार नाहीं. आमच्या बैठकीच्या मानानें ‘जनपदप्रधान’ म्हणजे पारावर बसलेले आम्हीच होतों.

प्रज्ञापराध या संज्ञेचें विवरण चरकानें शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायांत केलें आहे. धी, धृति आणि स्मृति या तिहींचा भ्रंश होऊन माणूस जें अशुभ कर्म करतो तो प्रज्ञापराध. ही व्याख्या मला फार महत्त्वाची वाटते. पाप या शब्दानें जी धूसर भीति उत्पन्न होते ती येथें नाहीं. आपली बुद्धि कोठें चुकली, धीर कोठें सुटला, कोणती जाणती गोष्ट विसरली, असे तीन निश्चित प्रश्न आहेत, आणि ते दुसऱ्यास विचारण्याचे नाहींत. माझ्यापुरतें सांगावयाचें तर धी शाबूत होती. लांब राहिलेल्या माणसास आडाचें पाणी दिल्यानें रोग लागत नाहीं हें मला कळत होतें. एका बाजूनें दोरानें घागर ओढून काठावर ठेवावी, दुसऱ्या बाजूनें त्यांनीं ती न्यावी, इतकी साधी ती गोष्ट होती. सुटली ती धृति. चारचौघांत एकट्यानें तसें म्हणण्याचें धैर्य झालें नाहीं.

सुश्रुताकडे वळूं. माझ्या हातून अधिक मोठा अपराध येथें घडला आहे. सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायांत मरकांचा विचार आहे, आणि त्यावर काय करावें हें एका लांबलचक समासांत सांगितलें आहे. समासाचें पहिलें पद स्थानपरित्याग. तेवढेंच मीं उचललें. परंतु हा परित्याग कोणी कशाचा करावयाचा? समास ज्या क्रियेशीं जोडला आहे तिचा कर्ता साथींत सांपडलेला मनुष्य स्वतः आहे. त्यानें दूषित स्थान सोडून जावें, एवढाच अर्थ. परक्यानें आपल्या स्थानीं येऊं नये, किंवा आपल्याच माणसास त्याच्या स्थानापासून दूर ठेवावें, असा अर्थ व्याकरणानें निघत नाहीं. परित्याग स्थानाचा आहे, माणसाचा नाहीं. आणखी एक. त्याच समासांत पुढें शांतिकर्म, प्रायश्चित्त, जप, होम, नियम इत्यादि पदें येतात, आणि त्यांतच दया व दान हीं पदें आहेत. एकाच समासाचें पहिलें पद घेऊन पुढचीं पदें टाकणें, हें मीं विद्यार्थिदशेंत केलें असतें तर आमच्या शास्त्रीबुवांनीं वर्गाबाहेर उभें केलें असतें.

सुश्रुताचें दुसरें स्थळ निदानस्थानाच्या पांचव्या अध्यायाच्या अखेरीस, कुष्ठनिदानांत आहे. निकट सहवास, अंगास अंग लागणें, श्वास, एकत्र भोजन, एका शय्येवर वा आसनावर असणें, दुसऱ्याचीं वस्त्रें, माळा व उट्या वापरणें, यांमुळें कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद व औपसर्गिक रोग माणसापासून माणसांत संक्रमण करतात, असें तेथें म्हटलें आहे. संसर्गाची कल्पना इतक्या नेमक्या शब्दांत सांगणारें हें जुनें वचन खरोखर अभिमानास्पद आहे. पण त्यांत माणसास विशेषण नाहीं, हें माझ्या आतां लक्षांत आलें. गांवांतला कीं गांवाबाहेरचा, हातावर पोट असलेला कीं जमीनवाला, असा भेद संक्रमण पाहत नाहीं. आणि पाण्याचा तर त्या यादींत उल्लेखच नाहीं.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें न्यायबुद्धीनें मांडलें पाहिजे. अंतर राखणें चूक होतें, असें मला म्हणावयाचें नाहीं. त्या वेळीं रोगाचें स्वरूप नवें होतें, तालुक्याचें रुग्णालय दूर, आणि म्हातारीं माणसें घरोघर. आलेल्यांनीं चवदा दिवस वेगळें राहावें हा नियम सरकारचाही होता व तो योग्य होता. दोष विलगीकरणांत नव्हता. विलगीकरण आणि परित्याग यांतला भेद पुसला गेला त्यांत होता. ज्यास वेगळें ठेवावयाचें त्याच्या अन्नपाण्याचा भार ठेवणाऱ्यावर येतो. शाळा त्या दिवसांत बंद होती. तिच्या खोल्या रिकाम्या, आणि हौदास तोटी. किल्ली मागितली असती तर मिळाली असती.

चरकाच्या अध्यायांत साथीच्या काळांतील आचरणाची एक छोटी यादी आहे. तिच्या क्रमाकडे मी अभ्यासकांचें लक्ष वेधूं इच्छितों. सत्य पहिलें, भूतदया दुसरी, दान तिसरें. मग बलि, देवतार्चन, सद्वृत्त, प्रशम. आणि आठवी आत्मगुप्ति, म्हणजे स्वतःचें रक्षण. श्लोकांत छंदाच्या सोयीनें पदें मागेंपुढें होतात हें मी जाणतों, म्हणून क्रमावरून फार मोठें अनुमान काढीत नाहीं. तथापि सत्यास प्रथम स्थान मिळणें मला अर्थपूर्ण वाटतें. साथींत पहिला बळी सत्याचा जातो. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत ताप लपविणारे, तपासणी टाळणारे, घरांतल्या मृत्यूचें कारण दुसरेंच सांगणारे लोक आम्हीं पाहिले, आणि त्यांस बेजबाबदार म्हणून नांवें ठेवलीं. तीं ठेवणें अयोग्य नव्हतें. रोग लपविणारा अनेकांचा घात करतो. परंतु ज्या गांवांत खरें सांगणाऱ्याच्या वाटेवर कांटे पडतात, तेथें सत्याचा उपाय एकट्या रोग्याच्या हातीं राहत नाहीं. यादींत सत्याला लागूनच दया आहे, तिचें कारण व्यवहारांत असें दिसून आलें.

१८९७ सालचा पुण्याचा प्लेग याच दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. त्या वर्षीं ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांचा कायदा झाला; मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत पुनः लागू करण्यांत आला तो हाच. रँडच्या अंमलाखालीं घरांत शिरून झडत्या झाल्या, माणसें छावण्यांत नेलीं, आणि २२ जूनच्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं त्याच्यावर गोळी झाडली. हा इतिहास वाचकांस पाठ आहे. लोकांनीं रोगी लपविले, कारण छावणीची भीति रोगाहून मोठी झाली. प्रधानांचा अधर्म पौरांत कसा उतरतो याचें चरकाच्या टीकाकारासही याहून चांगलें उदाहरण मिळालें नसतें. त्याच वर्षीं, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्यांना तो रोग जडला होता. त्यांच्या ठिकाणीं दया होती, आत्मगुप्ति नव्हती. आमच्या गांवीं आत्मगुप्ति होती.

ग्रंथाची त्रुटि सांगणें हेंही परीक्षकाचें काम आहे. चरकाच्या या अध्यायांत संसर्गाचा विचार नाहीं. सुश्रुताच्या संसर्गवचनांत कर्तव्याचा विचार नाहीं. रोग आपल्यापासून दुसऱ्यास जाऊं नये म्हणून रोग्यानें काय करावें, आणि शेजाऱ्यानें त्याच्यासाठीं काय करावें, हा प्रश्न दोहोंच्या मधोमध पडून राहिला आहे. दोन्ही संहिता वैद्याला उद्देशून लिहिल्या आहेत, हें त्याचें समर्थन होऊं शकेल. मृतांविषयीं तर हा अध्याय अगदीं मूक आहे. एप्रिल २०२१ मध्यें आमच्या जिल्ह्यांत अंबाजोगाईस, जेथें मुकुंदराजांची समाधि आहे आणि दासोपंतांची पासोडी आहे, त्या गांवीं करोनानें मेलेल्यांच्या अंत्यविधीस नेहमीच्या स्मशानांत लोकांनीं विरोध केला. गांवापासून दूर तात्पुरती जागा करावी लागली. ती अपुरी पडून आठ प्रेतें एका चितेवर ठेवण्यांत आलीं. त्याच महिन्याच्या अखेरीस वाहनांच्या कमतरतेमुळें बावीस प्रेतें एका रुग्णवाहिकेंतून नेल्याचें वृत्त देशभर गेलें. दुसऱ्या गोष्टीबद्दल सरकारास दोष देणारे आम्ही सर्व होतों. पहिलीबद्दल कोणी बोललें नाहीं, कारण तेथें दोष देण्यास सरकार नव्हतें.

अध्यायाचा दुसरा प्रश्न आयुष्याचा आहे, आणि अंगावर घेण्याची जबाबदारी या दृष्टीनें तोच मला सर्वांत समृद्ध वाटतो. अग्निवेश विचारतो : प्रत्येकाचें आयुष्य नियत आहे कीं नाहीं? आमच्याकडे याचें उत्तर तयार असतें : ज्याची भरली तो जातो. मूल आजारी पडल्याचें कळलें तेव्हां पारावर हेंच वाक्य कोणीतरी बोललें, आणि त्यानें सर्वांना बरें वाटलें. आत्रेयांस हें उत्तर मान्य नाहीं. ते म्हणतात, आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून आहे. एक बलवत्तर असेल तर दुसऱ्यास दाबतें. आणि मग ते पूर्वपक्षाची अक्षरशः थट्टा करतात. सर्वांचें आयुष्य ठरलेलेंच असेल तर कोणी औषध घेऊं नये, मंत्र जपूं नये. उधळलेले बैल, हत्ती, उंट, गाढव, रेडे यांच्या वाटेंतून कोणी बाजूला होऊं नये. कडे, दुस्तर नद्या, साप, आग, राजाचा कोप, कशासही भिऊं नये. असें कोणी वागत नाहीं. म्हणून तें मत कोणी खरोखर मानीतही नाहीं. माझ्या मतें संस्कृत वैद्यकांत दैववादाचा इतका खेळकर निरास दुसरा नाहीं.

नंतर दृष्टांत येतो तो गाडीच्या आंसाचा. उत्तम घडलेला आंस, बेतानें वापरला तर, आपल्या मुदतीपर्यंत चालून झिजून संपतो. तोच आंस फार भार लादल्यानें, खडबडीत वाटेनें, वाट नसलेल्या ठिकाणून नेल्यानें, चाक मोडल्यानें, बैलाच्या किंवा हांकणाऱ्याच्या दोषानें, चाक अडकवून धरणारी खीळ निघाल्यानें, वंगण न घातल्यानें किंवा गाडी उलटल्यानें मधेंच मोडतो. आयुष्याचेंही तसेंच. जो कोयता वर्षाचे सहा महिने ऊंसाच्या गाडीबरोबर काढतो त्यास हा दृष्टांत समजावून सांगावा लागणार नाहीं. मी तो चाळीस वर्षें वाचीत होतों, पण भार कोणीतरी लादतो आणि वंगण कोणीतरी घालावें लागतें, इकडे लक्ष गेलें नव्हतें.

तिसरा प्रश्न ज्वरांतील उष्णोदकाचा. ज्वरार्तास वैद्य प्रायः ऊन पाणी कां देतात, असें अग्निवेश विचारतो, आणि त्याचें उत्तर होऊन लंघनादि उपचारांचा थोडा विचार येऊन अध्याय संपतो. जगाच्या संहारापासून निघालेली चर्चा ऊन पाण्यावर यावी, हें विसंगत दिसतें. येथें जोड असल्याची शंका मलाही बरींच वर्षें होती. प्रतिसंस्कर्त्यानें सुटे प्रश्न एकत्र बांधले असावेत, असें मी वर्गांत सांगतही असें. आतां त्या मताचा मी आग्रह धरीत नाहीं. नक्षत्रें, राजे, धर्म, दैव इतकें सर्व बोलून झाल्यावर शिष्यास रोग्याच्या खाटेपाशीं उभें राहावयाचें आहे, आणि तेथें त्यास विचारण्यासारखा प्रश्न पाण्याचाच आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. बीड हें संस्थानी मुलुखांतलें. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारींत १ कोटी ३३ लाखांच्या वर होती, ती १९२१ मध्यें १ कोटी २५ लाखांच्या आंत आली. १९१८ चा इन्फ्लुएंझा व त्या वर्षींचें अवर्षण हीं त्याचीं प्रमुख कारणें. आमच्या बाजूला एवढा मोठा संहार होऊन गेल्याची आठवण मात्र ‘मानमोडी’ या एका शब्दापलीकडे मला कोठें आढळली नाहीं. बीडच्या पाटांगणांतून राजवाड्यांस ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली, हें आपण अभिमानानें सांगतों. पण पोथ्यांच्या त्याच दप्तरांत घरखर्चाच्या वह्या, पुरोहितांचीं टिपणें, पाटलाकडच्या नोंदी असतात, आणि त्या बाजूस टाकल्या जातात. १९१८ सालीं कोणत्या गांवानें कोणास आंत घेतलें, कोणास बाहेर ठेवलें, पाणी कोणी दिलें, हें अशा कागदांत सांपडण्याचा संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं ते असतील त्यांनीं कळविल्यास उपकार होतील.

माझ्याकडून एक कागद दप्तरांत देत आहें. वर्णन : वहीचें फाडलेलें एक पान, रेघी, निळी शाई, दोन घड्या. मजकूर अकरा ओळी. तारीख आहे, गांवाचें नांव व सह्या मीं खोडल्या आहेत. खालीं अंगठे चार. हस्ताक्षर प्रस्तुत लेखकाचें. तिसऱ्या ओळींत ‘शास्त्राधारानें’ असा शब्द आहे, तो बैठकींत कोणी सांगितलेला नव्हता. लिहितांना मीं घातलेला आहे.